खाणावळ बंद झाली, वही राहिली

 

आपल्या गावात पुरुषांना बसायला जागा कमी नाहीत. पार आहे, चावडी आहे, देवळाचा कट्टा आहे, चहाची टपरी आहे आणि नको म्हटलं तरी दारूचा गुत्ताही आहे. कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकान बंद पाडलं. पण गुत्त्यावर जाणाऱ्याला विचारलं की तो हमखास म्हणतो, "दारूसाठी नाही गं जात, चार माणसं भेटतात म्हणून जातो." यातलं अर्धं खोटं असतं, पण अर्धं खरंही असतं. माणसाला घराबाहेर बसायला, बोलायला, कुणीतरी "आज का उशीर?" असं विचारायला एक जागा लागते.

आज आम्ही अशाच एका जागेविषयी बोलणार आहोत. ती जागा बायकांनी चालवली. तिथं बाटली नव्हती, ताट होतं. आणि ती जागा आता बंद आहे. ती म्हणजे मुंबईच्या गिरणगावातली खाणावळ.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, आणि एकाच घरात दिल्यामुळं सख्ख्या जावाही. आमचं लहानपण लालबागच्या एका चाळीत, आईच्या खाणावळीत गेलं. एकीला आठवत नाही ते दुसरीला आठवतं. म्हणून आज एकीचं काय, दुसरीचं काय, असं न करता सगळं 'आम्ही' म्हणूनच सांगतो.

आधी खाणावळ का निघाली ते बघू. १८५६ साली मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. मग एकीमागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, नायगाव या सगळ्या भागालाच लोक गिरणगाव म्हणू लागले. तिथं कामाला माणूस कुठून गेला? आपल्याच गावांतून. रत्नागिरीतून, सातारा-कोल्हापूरकडून, पुण्याच्या मावळपट्ट्यातून. गडी माणूस तेवढा मुंबईला जायचा. बायको, पोरं, म्हातारी माणसं गावाकडंच राहायची, कारण शेतही सोडता येत नव्हतं आणि मुंबईत संसार थाटायला खोलीही परवडत नव्हती. एकेका गावानं मिळून चाळीत एक खोली घेतलेली असायची. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पंधरा-वीस माणसं. एका पाळीचे उठले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर वळकटी टाकायचे. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक आणि भिंतीवरचा एक खिळा.

अशा खोलीत चूल कुठं मांडणार? आणि रांधणार कोण? तिथं खाणावळवाली उभी राहिली.

या बायका कोण होत्या, हेही ऐकून ठेवा. कुणी विधवा होती. कुणाच्या नवऱ्याला कापसाच्या धुळीत काम करून छातीचा आजार जडला होता. कुणाच्या नवऱ्याची नोकरी बदलीची होती, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणी कायमचा कामगार गैरहजर असला तरच आत घ्यायचे. कुणी स्वतःच आधी गिरणीत कामाला होती. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागं साधारण एक बाई असायची. सूत गुंडाळायच्या खात्यांत तर बायकाच जास्त. पुढं नवी यंत्रं आली, बायकांची ती कामं कमी झाली, आणि बाळंतपणाची रजा, रात्रपाळीची बंदी असे कायदे आल्यावर मालकांना बाई कामावर ठेवणं नकोसं झालं. गिरणीतून बाहेर पडलेली बाई पुन्हा गिरणीच्याच माणसांना जेवू घालायला लागली.

आमचे वडील साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागावर. आईनं खाणावळ सुरू केली ती वडिलांच्याच खात्यातल्या चार माणसांपासून. भरात होती तेव्हा बत्तीस मेंबर होते. खाणावळीत जेवणाऱ्याला मेंबर म्हणायचे. आणि आईला सगळे वैनी म्हणायचे. वडिलांपेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

बत्तीस मेंबर म्हणजे काय, याचा हिशोब आमच्या पोरींना आम्ही परवाच घालून दाखवला. एकाला एका वेळी चार चपात्या धरल्या, तरी दोन वेळच्या झाल्या २५६. रोज आठेक किलो पीठ मळायचं. आणि सगळे एकदम जेवतील तर शपथ. गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. पहिल्या पाळीच्या माणसाला सकाळी साडेसहाला डबा हातात लागायचा. दुसऱ्या पाळीचा दुपारी दोनला जेवून आणि रात्रीचा डबा घेऊन जायचा. तिसऱ्या पाळीचा रात्री साडेदहाला जेवायचा, सकाळी येऊन झोपायचा आणि दुपारी उठला की पुन्हा ताटावर. आई पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटवायची आणि रात्री साडेअकराला शेवटचं पातेलं पालथं घालायची. मध्ये दुपारी तास-दोन तास पाठ टेकायची, तेही रॉकेलची रांग नसली तर.

पाणी पहाटे यायचं. चाळीच्या नळाला पिंप लावायचं काम आमचं. शाळेत जाण्याआधी दोन पिंपं भरायची, कांदे चिरायचे, डबे ओळीनं लावायचे. डब्यांवर नावं नसायची, कारण आईला वाचता येत नव्हतं. कुणाच्या डब्याला लाल दोरा, कुणाच्या कडीला चिंधी, कुणाच्या झाकणावर खिळ्यानं पाडलेले तीन टिंब. बत्तीस डब्यांत एकदाही अदलाबदल झालेली आम्हाला आठवत नाही. कोण सोमवार धरतो, कोण गुरुवार, कुणाला वांगं चालत नाही, कुणाच्या पोटाला डाळ बाधते, सगळं तिच्या डोक्यात.

खरी गंमत पंगतीला असायची. खोलीत एका वेळी आठजण बसायचे, बाकीचे गॅलरीत कठड्याला टेकून वाट बघायचे. त्या वाट बघण्यातच सगळ्या जगाच्या गप्पा. कुणाच्या गावाला पाऊस झाला, कुणाची म्हैस व्याली, कुठल्या साहेबानं कुणाला मेमो दिला, कुठली युनियन काय म्हणते. एकजण रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. आम्हाला राजकारण, क्रिकेट आणि शिव्या या तिन्ही गोष्टी त्या गॅलरीतच कळल्या. शनिवारी रात्री भजन. टाळ एका खिळ्याला कायम अडकवलेले असायचे. गणपतीत तर खोली पुरायची नाही. रविवारी मटण किंवा बांगडा, आणि त्या दिवशी न सांगता पाहुणा घेऊन येणाऱ्याला आईची बोलणीही.

पोस्टमन गावाकडची पत्रं आमच्याच दारात टाकायचा, कारण गावाच्या खोलीत कोण कधी जागा असेल याचा नेम नव्हता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं आम्ही वाचून दाखवायचो. "तीर्थरूप" पासून सुरू होऊन "इकडील सर्व क्षेम" पर्यंत ठीक चालायचं. मग मधेच "बाळ फार आजारी आहे" असं यायचं आणि वाचताना आमचाच आवाज अडकायचा. सहावी-सातवीतल्या पोरी आम्ही. उत्तरंही आम्हीच लिहायचो. नवरा-बायकोच्या पत्रातलं काय लिहायचं आणि काय मनात ठेवायचं, हे आई शेजारून हळूच सांगायची. तुमच्यापैकी कुणाच्या सासूबाईंना साठ-सत्तर सालात मुंबईहून पत्र आलं असेल, तर ते अक्षर त्यांच्या नवऱ्याचं असेलच असं नाही. आमच्यासारख्या एखाद्या खाणावळीतल्या पोरीचंही असेल.

मनिऑर्डरीचंही तसंच. पगार झाला की काहीजण पैसे आधी आईकडं ठेवायला द्यायचे. "वैनी, माझ्याकडं राहायचे नाहीत." आई खाणावळीचे कापून घ्यायची, गावाला पाठवायचे बाजूला काढायची, आणि उरलेले त्याच्या हातावर ठेवायची. तो कधी जास्त मागायला लागला तर विचारायची, "पोरीची फी गेली का?" गावात चूल पेटती राहायची त्यात या परक्या बाईचाही हात होता. त्या घरातल्या बाईला मात्र तिचं नावही माहीत नसायचं.

आता दारूचं सांगतो, कारण त्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही. गिरणगावात गुत्ते होते, हातभट्टी होती. बायकापोरांपासून लांब राहणारा, आठ तास यंत्राच्या आवाजात उभा असलेला माणूस तिकडं वळायचा. आईचा एकच नियम होता. पिऊन आलेल्याला ताट मिळेल, पंगत मिळणार नाही. त्यानं जिन्याच्या पायरीवर बसून एकट्यानं जेवायचं. आत गप्पा रंगलेल्या, हसण्याचे आवाज येताहेत, आणि हा जिन्यात अंधारात. आई वाढायला जायची, पण एक शब्द बोलायची नाही. त्या न बोलण्याची माणसांना फार धास्ती होती. यानं सगळ्यांची दारू सुटली असं आम्ही सांगणार नाही. एकाची कायमची सुटली. दोघांची पगाराच्या आठवड्यापुरती उरली. एकजण जिन्यातच जेवत राहिला, शेवटपर्यंत. पण आज आमच्या लक्षात येतं, की जिन्यात बसवण्याची शिक्षा चालली, कारण आतली पंगत हवीशी होती. नुसता गुत्ता बंद करून भागत नाही. हवीशी वाटेल अशी पंगतही कुठंतरी मांडावी लागते.

खाणावळीच्या पैशाचं काय, तर सगळं उधारीवर. मेंबर पैसे देणार महिन्यानं, पगार झाल्यावर. किराणा मात्र रोज लागणार. वाणी उधार द्यायचा, पण भाव चढा लावायचा. अडलं की सावकार. रुपयाला महिन्याला दहा पैसे व्याज. म्हणजे शंभराला महिन्याला दहा, वर्षाला एकशेवीस! कितीही राबलं तरी फायदा वाण्याच्या आणि सावकाराच्या घरी.

यातून वाट काढली ती प्रेमा पुरव यांनी. त्या गोव्याच्या. लहान वयात गोवामुक्तीच्या लढ्यात उतरल्या, पुढं मुंबईत कामगारांच्या चळवळीत काम केलं. संप झाला की कामगाराचं काय होतं याची चर्चा सगळे करायचे. त्याला जेवू घालणारीचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. १९६९ साली मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबाला कर्ज द्यायचं असं सरकारचं धोरण होतं. पण खाणावळवालीकडं तारण काय? ना घर नावावर, ना दागिना. १९७५ साली प्रेमाताईंनी खाणावळवाल्या बायकांना गोळा करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सुरुवातीला अवघ्या चौदा बायका होत्या. बायकांनी एकमेकींची हमी द्यायची आणि बँकेनं कर्ज द्यायचं, अशी ही रीत. आज आपण बचत गटात सही करताना ज्या विश्वासावर करतो, तोच विश्वास. पुढं या मंडळात हजारो बायका आल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या लेकीनं, मेधा पुरव सामंत यांनी, पुण्यात 'अन्नपूर्णा परिवार' उभा केला.

आमच्या चाळीतल्या चार-पाचजणींबरोबर आईही त्यात गेली. बँकेत पहिल्यांदा गेली तेव्हा नऊवारीचा पदर घट्ट धरून बाकड्याच्या कडेला बसली होती, असं ती सांगायची. अंगठा उठवू नये म्हणून आम्ही तिला महिनाभर सही गिरवायला लावली होती. सही जमली. तिच्या आयुष्यात तिला लिहिता आलं ते तेवढंच, तिचं नाव. सावकाराचं फेडलं तेव्हा तिनं चाळीत पेढे वाटले.

मग आलं १९८२. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठ गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार. याआधी १९७४ साली संप झाला होता, तो ४२ दिवस चालला होता. त्यामुळं आईनं मनाशी दीड-दोन महिन्यांची तयारी केली. तांदळाचं एक पोतं जास्तीचं घेतलं. भोंगा वाजायचा थांबला. भोंग्यावर आमचं घड्याळ चालायचं, त्यामुळं पहिले काही दिवस कुणालाच वेळ समजेना.

दोन महिने गेले, चार गेले. पाऊस आला तशी माणसं पेरणीला गावी निघाली. जाताना दारात येऊन म्हणायची, "वैनी, मांडून ठेवा. मिटला की येतोच." आई म्हणायची, "येताना पैसे नसले तर नाचणी आणा, पण या." काहींनी खरंच डोक्यावरून धान्य आणलं. उरलेल्यांना ती जेवू घालत राहिली. आधी चार चपात्या होत्या, त्या तीन झाल्या. मग चपाती एकवेळ. मग नुसता भात आणि आमटी. ज्याला द्यायला काही नव्हतं तो माणूस पंगतीला बसायला लाजायला लागला, "भूक नाही" म्हणायला लागला. आई त्याला दटावून बसवायची. वाण्यानं उधारी बंद केली. पितळेची दोन मोठी पातेली गेली, मग आईच्या गळ्यातलं डोरलं गेलं. बँकेचा हप्ता मात्र तिनं थकवला नाही. "चौघींनी माझ्यासाठी सही केलीय," एवढंच म्हणायची.

संप कधी मिटला, असं आम्हाला आजही कुणी विचारतं. तो मिटला अशी घोषणा कधी झालीच नाही. काही गिरण्या सुरू झाल्या, काही झाल्या नाहीत, हजारो माणसांना परत घेतलंच नाही. बत्तीसातले नऊ मेंबर उरले, मग चार. १९८३ च्या मे महिन्यात शेवटचा हप्ता भरून आईनं खाणावळ बंद केली आणि आम्ही गावी आलो. टाळ चाळीतल्या मंडळाला दिले. डबे ज्याचे त्याला परत केले. न्यायला कुणी आलं नाही असे अकरा डबे आमच्याबरोबर गावाला आले. त्यातल्या एकात आजही आमच्या घरी हळद असते.

आणि आली ती वही. लाल कापडी बांधणीची, लांबट. आई सांगायची आणि आम्ही लिहायचो, म्हणून तिच्यात आमचंच कच्चं अक्षर आहे. संपाच्या काळातली उधारी तेवीस जणांची होती. आई पैसे मागायला कुणाच्या दारात गेली नाही. पण माणसं येत राहिली. एकानं दोन वर्षांनी तांदूळ आणून घातला. एकानं करडू आणलं. एकजण दर आषाढीला थोडे थोडे देत राहिला. १९९६ साली एक तरुण मुलगा पत्ता काढत आला. वडील वारले होते, त्यांच्या ट्रंकेत चिठ्ठी सापडली होती, "वैनी, १८०." त्यानं १८० रुपये आईच्या पुढ्यात ठेवले आणि तिथंच जेवून गेला. तेवीसपैकी चौदा जणांची नावं अशी खोडली गेली. नऊ राहिली. आम्ही एकदा म्हटलं, "आई, हे नऊ बुडाले." तर म्हणाली, "बुडाले म्हणू नका. पोचले नाहीत म्हणा. कुठं असतील, कसे असतील."

पुढं २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी जो कामगार कामावर होता, तो किंवा त्याचे वारस यात बसत होते. ते योग्यच झालं, त्यासाठी कामगारांनी वर्षानुवर्षं लढा दिला होता. आमच्या वडिलांकडं हजेरीचं कार्ड होतं, फंडाची पावती होती. आईकडं काय होतं? तिनं पंधरा वर्षं रोज सोळा-सतरा तास काम केलं, पण तिचा हजेरीपट कुठंच नव्हता. जिनं त्या कामगाराला कामावर उभं राहता येईल एवढं बळ दिलं, ती कुठल्याच कागदावर कामगार नव्हती. आई तोवर गेली होती. असती तरी ती कुणाला काही म्हणाली नसती. आम्ही मात्र म्हणतो.

हे सगळं आज सांगायचं कारण आमच्या बचत गटापुढं आलेला प्रश्न आहे. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ एक गाळा भाड्यानं मिळतोय. तिथं बाहेरगावची कॉलेजची पोरं आहेत, बदलून आलेले नोकरदार आहेत, कारखान्यात येणारे परप्रांतीय कामगार आहेत. गटानं खाणावळ काढावी का? अकराजणींत सहा 'हो' म्हणाल्या, पाच 'नको'. आम्ही दोघी 'हो' वाल्यांत आहोत, पण आईची वही पुढ्यात ठेवून.

त्या वहीत तेल आहे, तांदूळ आहे, रॉकेल आहे, मेंबरांचे जमा-नावे आहेत. आईची मजुरी मात्र एकाही पानावर नाही. खर्च वजा जाता उरले ते आपले, असा तिचा हिशोब. कधी काही उरायचं, कधी उरायचं नाही, आणि उरलं नाही की तिचं सगळं राबणं फुकट. म्हणून आम्ही गटाला सांगितलं, की आपल्या वहीची पहिली ओळ किराण्याची नको, रांधणारीच्या मजुरीची हवी. तासाला किती, ते आधी ठरवा, आणि मग ताटाचा भाव काढा. तो भाव गिऱ्हाइकाला जास्त वाटला तर एक भाजी कमी करू, मजुरी कमी करायची नाही.

दुसरं उधारीचं. उधारी देऊच नये असं म्हणणं सोपं आहे. पण परगावच्या पोराचे पैसे घरून यायला चार दिवस उशीर झाला, तर त्याला उपाशी परत पाठवणार का? आम्हाला ते जमणार नाही, आणि जमू नये. म्हणून निम्मे पैसे आगाऊ, उधारी पंधरा दिवसांपर्यंत, आणि त्यापुढं द्यायची की नाही हे एकटीनं न ठरवता गटानं बसून ठरवायचं. आईला जे एकटीनं सोसावं लागलं, ते अकराजणींत वाटलं तर हलकं होईल.

तिसरं बसायचं. गाळ्याबाहेर एक लांब बाकडं टाकायचं आम्ही ठरवून ठेवलंय. जेवण झालेल्याला "उठा" म्हणायचं नाही. आणि त्या बाकड्यावर बायकांनीही बसायचं. बाजाराला आलेल्या, दवाखान्यात आलेल्या, एसटी चुकलेल्या. आज स्टँडवर बाईला घोटभर पाणी पिऊन निवांत टेकायला जागा नाही. गिरणगावात आईनं शेकडो माणसांना बसायला जागा दिली, पण तिला स्वतःला बसलेली आम्ही क्वचितच पाहिली.

गाळा अजून घेतलेला नाही. आधी तीन महिने गावातूनच वीस डबे द्यायचे, मजुरीसकट हिशोब ठेवायचा आणि मग पुन्हा मत घ्यायचं, असं ठरलंय. 'नको' म्हणणाऱ्या पाचजणींपैकी दोघी डबे भरायला येताहेत. निकाल काय लागेल तो लागेल, तो आम्ही याच केंद्रावर येऊन सांगू.

तोवर तुम्ही एक काम करा. तुमच्या घरात, भावकीत मुंबईच्या गिरणीत राहून आलेलं एखादं म्हातारं माणूस असेल, तर त्याला विचारा, "तुम्ही जेवायला कुठं होता? रांधणारी कोण होती?" गिरणीचं नाव तो लगेच सांगेल, खात्याचं सांगेल, साहेबाचंही सांगेल. खाणावळवालीचं विचारलं की थोडा थांबेल. वैनी, मावशी, काकू असं काहीतरी सांगेल. तुम्ही तिथं थांबू नका. तिचं स्वतःचं नाव काय, गाव कुठलं, एवढं विचारा आणि कागदावर लिहून इथं केंद्रावर पाठवा. आम्ही ती नावं वाचून दाखवू, एकेक करून, सगळी.

आमच्या आईचं नाव पार्वती. गाव पाटण तालुक्यातलं. यादीत पहिलं नाव हे धरा.